खंदकाची माती

बगदादच्या आग्नेयेला पस्तीसेक किलोमीटरवर, तैग्रिस नदीजवळ, विटांची एक प्रचंड कमान उभी आहे. तिला ताक-ए-किसरा म्हणतात. उंची सुमारे ३७ मीटर, गाळा सुमारे २५ मीटर. आत लोखंड नाही, दगड नाही, फक्त भाजकी वीट आणि जिप्सम. पहिल्या महायुद्धात, २२ नोव्हेंबर १९१५ च्या सकाळी, इंग्रजांची जी फौज तुर्कांवर या कमानीकडे तोंड करून चालून गेली तिचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३वी मराठा लाइट इन्फंट्री होती, ११०वी होती आणि ११७वी मराठा पलटणही होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धसन्मानांत ‘टेसिफॉन’ हे नाव आजही आहे. ते याच जागेचं ग्रीक नाव.

आपल्याकडे या लढाईबद्दल बोललं जातं तेव्हा या डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याची घाई, तुर्कांची कुमक, साडेचार हजारांवर गेलेले मृत आणि जखमी, एवढं येतं. पण देशावरून आणि कोकणातून गेलेला शिपाई कशावर चालत होता, कशात खोदत होता, कशाआड लपत होता, हे क्वचितच सांगितलं जातं. तो इराणच्या सासानी राजांच्या जुन्या राजधानीच्या ढिगाऱ्यात खोदत होता. इंग्रजांच्या नकाशावर ‘हाय वॉल’ म्हणून दाखवलेला बांध म्हणजे त्या जुन्या शहराच्या तटबंदीचा उरलेला भाग. गोळ्यांपासून आडोसा म्हणून शिपाई ज्याला पाठ लावून बसला तो तट दीड हजार वर्षांचा होता.

मला या विषयात एकच गोष्ट सांगायची आहे. श्रद्धा आणि प्राचीन वारसा हे शब्द मोठे वाटतात, पण लढाईच्या जागी ते फार साध्या रूपात जवानाच्या हातात येतात. ताटात काय घ्यायचं, पोत्यात कुठली माती भरायची, गाडी कुठे उभी करायची. वारशाचं बरंवाईट तिथे ठरतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हे गेल्या शंभर वर्षांत पुन्हापुन्हा दिसलंय, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो.

आधी कमानीचं. ती उभी कशी राहिली हे कळलं की कशानं पडेल तेही कळतं. गवंड्यांनी विटा सपाट न रचता मागच्या भिंतीवर किंचित कलत्या टेकवल्या आणि एकेक कडं पुढे वाढवत नेलं. जिप्सम काही मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे वीट घसरायच्या आत चिकटते आणि खालून लाकडी साचा द्यावा लागत नाही. पण तेच जिप्सम पाण्यात थोडंथोडं विरघळतं. १८८८ च्या पुरात दर्शनी भिंतीची उत्तरेकडची बाजू कोसळली. १९१५ च्या गोळागोळीतून कमान वाचली. अलीकडे दुरुस्ती होऊनही मार्च २०१९ आणि डिसेंबर २०२० मध्ये छताचे तुकडे पडले. अशा वास्तूला तोफेइतकंच भय ओलीचं असतं, आणि ओल कशी येते हे फौजेच्या छावणीला माहीत असायला हवं. कारण छावणी म्हणजे पाण्याचे टँकर, न्हाणीघरं, गाड्या धुणं, सांडपाणी.

कमानीच्या जवळच सलमान फारसींची कबर आहे. प्रेषितांचे सहकारी म्हणून मुसलमानांना ती पूज्य आहे आणि गावाचं नावच सलमान पाक आहे. फौजेत मुसलमान शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्यांना या जागेपाशी, तेही तुर्कांविरुद्ध, लढायला लावायचं हा नाजूक मामला होता. वरिष्ठांनी उपाय काढला तो नावाचा: बोलताना-लिहिताना सलमान पाक म्हणायचं नाही, टेसिफॉन म्हणायचं. मला हा उपाय फार तोकडा वाटतो. शिपाई तिथे पोचल्यावर घुमट बघणारच होता. शिपायाच्या श्रद्धेला अडचण समजून ती लपवायला गेलं की विश्वास जातो. त्यापेक्षा कबरीपासून इतक्या अंतरात मोर्चा नाही, गोळा नाही, घोडे बांधायचे नाहीत, असा स्पष्ट हुकूम आणि तो पाळला जातोय हे दिसणं, याचा उपयोग झाला असता.

श्रद्धेचा खरा कस पुढे तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा या गावात लागला. टेसिफॉनहून माघार घेतलेली हीच डिव्हिजन तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने, वेढ्यात अडकली. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. भारतीय शिपायांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनीही, बराच काळ नाकारलं. भारतातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली गेली आणि ती आलीही, तरी बहुतेक जण तयार होईनात. त्यांची भीती ग्रंथातल्या नियमापेक्षा गावाची होती. घोडा खाल्ला हे गावाला कळलं तर पंगतीला कोण बसवील आणि मुलीचं लग्न कुठे होईल? ज्याला हा प्रश्न बावळटपणाचा वाटतो त्यानं १९१६ सालचं आपलं गाव आठवावं.

पण शरीराचा हिशेब चुकत नाही. गोऱ्या शिपायांना सुरुवातीला पांढऱ्या पिठाचा पाव मिळत होता. कोंडा काढलेल्या पिठात बी-१ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, म्हणून त्यांच्यात बेरीबेरी पसरला: पाय सुजणं, धाप लागणं, पाय लटके पडणं. पांढरं पीठ संपून जवाचं भरड पीठ सुरू झालं तसा बेरीबेरी ओसरला. भारतीय शिपाई पहिल्यापासून भरड आट्यावर होते, त्यांना बेरीबेरी झाला नाही. त्यांना झाला स्कर्व्ही, कारण ताजी भाजी नव्हती आणि ताजं मांस ते घेत नव्हते. हिरड्या सुजतात, रक्त येतं, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. ताज्या मांसात सी जीवनसत्त्व थोडंच असतं, पण स्कर्व्ही टाळायला तेवढं पुरतं. माणसं रानातला पाला खुडून भाजी करून खायला लागली, आणि त्यात विषारी पाला मिसळला की हगवण लागायची. शेवटी शेवटी पिठाचं माप दिवसाला ४ औंसांवर आलं. म्हणजे साधारण ११५ ग्रॅम. आपल्या एका मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं. दिवसाला पावणेदोन भाकरी, त्याही जवाच्या, आणि त्यावर खंदकात उभं राहायचं. एप्रिलमध्ये पुष्कळांनी अखेर घोड्याचं मांस घेतलं, पण तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

इथे शिपायांना दोष देणं मला पटत नाही. चूक पुरवठ्याची होती आणि उशिराची होती. परवानगी तोंडावर आल्यावर मागायची नसते. धान्याचा साठा मोजतानाच शिधा संपल्यावर काय खाणार, कोण खाणार नाही, त्याला पर्याय काय, हे ठरवावं लागतं. वाळवलेली चिंच, आमसूल, लिंबाचा रस यांतला फरकसुद्धा ठाऊक असावा लागतो. वाळवलेल्या आंबट पदार्थात सी जीवनसत्त्व फारसं टिकत नाही, म्हणून आंबट आहे एवढ्यावर स्कर्व्ही टळत नाही. मोड आलेल्या कडधान्यात मात्र ते तयार होतं: मटकी किंवा मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचे, दीड-दोन दिवसांत मोड येतात, आणि ते कच्चे किंवा जेमतेम वाफवून खायचे, कारण जास्त शिजवलं की उपयोग कमी होतो. कुणाच्या धर्माला यात बाधा येत नाही.

आता मातीकडे येतो, कारण खरं नुकसान मातीतच होतं आणि ते करणाऱ्याला कळतही नाही.

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन मरीन दलानं बॅबिलॉनच्या अवशेषांवर छावणी टाकली. सप्टेंबरमध्ये ती पोलंडच्या नेतृत्वाखालच्या फौजेकडे गेली आणि २००४ च्या अखेरीस इराकींच्या ताब्यात परत आली. त्यानंतर ब्रिटिश म्युझियमच्या जॉन कर्टिस यांनी केलेली पाहणी आणि २००९ चा युनेस्कोचा अहवाल वाचला की अंगावर काटा येतो, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्याही चांगल्या पलटणीनं नेमून दिलेलं काम नीट केल्यामुळे झालेली आहे. सुरक्षेसाठी खंदक खणले, त्यातला एक सुमारे १७० मीटर लांब. पोती भरली. हेलिकॉप्टरसाठी जागा सपाट केली. धूळ बसावी म्हणून बाहेरून खडी आणून पसरली आणि दाबली. अशी झाकलेली जागा जवळपास तीन लाख चौरस मीटर. मिरवणुकीच्या राजमार्गावरची २६०० वर्षांपूर्वीची विटांची फरसबंदी जड गाड्यांखाली चिरडली. इश्तार दरवाजाच्या पायाच्या भिंतीवर विटांत उठवलेले मुशहुश्शू आहेत, सापाचं डोकं, पुढे सिंहाचे पाय, मागे गरुडाचे, असा मर्दुक देवाचा प्राणी. त्यांतल्या नऊंची मोडतोड झाली होती. कुणीतरी सजवलेली वीट उचकटून न्यायचा प्रयत्न केला होता.

पोत्यांचं गणित बघा. फौजेत वापरतात ते पोतं साधारण ३६ बाय ६६ सेंटिमीटरचं. ते गळ्यापर्यंत भरत नाहीत, दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरतात, म्हणजे थरावर थर नीट दबून बसतो. वजन १८ किलोच्या आसपास. हजार पोती म्हणजे १८ टन, म्हणजे साधारण १२ घनमीटर माती. ती काढायला १० मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल चर लागतो. एका छोट्या पहाऱ्याच्या चौकीला चार-पाचशे पोती सहज जातात. तारेच्या जाळीच्या मोठ्या पेट्या, ज्यांना हेस्को म्हणतात, त्यांचा १० मीटरचा एक नग सव्वा मीटरहून थोडा उंच आणि मीटरभर रुंद असतो. एकाच नगात साडेचौदा घनमीटर माती. आता ही माती टेकाडाच्या उतारावरून उचलली तर काय जातं? मेसोपोटेमियातली टेकाडं निसर्गानं केलेली नाहीत. मातीचं घर पडलं, त्यावर दुसरं बांधलं, असं करत शहर वर चढत गेलं. मीटरभर थरात कित्येक पिढ्यांची राख, खापरं, हाडं, चुली असतात. पुरातत्त्वाचं शास्त्र वस्तूपेक्षा ती कुठल्या थरात होती यावर चालतं. पोत्यात भरली की वस्तू राहते, थर जातो, आणि तो परत लावता येत नाही. बॅबिलॉनच्या पोत्यांतून आणि खंदकांच्या ढिगाऱ्यांतून खापरं, हाडं, तिथला राजा नेबुखद्नेझर याच्या नावाचा शिक्का असलेल्या विटांचे तुकडे निघाले.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पोतं उन्हात कुजून फाटतं आणि आतली माती दुसऱ्याच जागी सांडते. बाहेरून आणलेल्या खडीसोबत आणि मातीसोबत दुसऱ्या काळची खापरं येतात, आणि पुढच्या संशोधकाला हे इथलं की तिथलं हे कळत नाही. दाबलेल्या खडीखाली ओल कोंडते. इंधनाच्या टाकीतून गळलेलं तेल मुरतं. क्षार हा तर मातीच्या विटेचा जुना वैरी. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, वाऱ्या-उन्हानं वाळतं, मीठ विटेत राहतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि वीट भुगा होऊन झडते. म्हणून जुन्या भिंती नेहमी पायथ्याशी आधी खचलेल्या दिसतात. सिमेंट लावून त्या झाकल्या तर ओल आणखी वर चढते आणि त्याहून वरचा भाग झडायला लागतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००३ च्या त्या महिन्यांत दक्षिण इराकमधल्या कितीतरी जागा चोरांनी चाळणीसारख्या खोदून काढल्या. बॅबिलॉनवर फौज होती म्हणून तिथे तसं झालं नाही, हे म्हणणं खोटं नाही. मरीन दलाच्या तेव्हाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं २००६ साली माफीची तयारी दाखवताना हाच मुद्दा मांडला होता. पण राखण करायला अवशेषांवर बसावं लागत नाही. अवशेषांच्या बाहेर, जिथून धूळ अवशेषांवर उडणार नाही अशा बाजूला, पूर्वीच उकरलेल्या किंवा शेतीच्या जमिनीवर तळ टाकून वेशीवर पहारा ठेवता येतो.

मग जवानानं करायचं काय? सपाट प्रदेशात एकटंच टेकाड दिसलं की संशय घ्यायचा. चालताना पायाखाली खापरांचा चुरा, राखाडी मऊ माती, चौकोनी विटांच्या ओळी दिसल्या की फावडं थांबवायचं. खोदता खोदता काही लागलं तर ते उपसून बघायचं नाही. शेजारी पेन किंवा काडतूस ठेवून, म्हणजे माप कळावं म्हणून, फोटो घ्यायचा, जागेचे अक्षांश-रेखांश आणि किती खोलीवर लागलं ते लिहायचं, त्याच खड्ड्यातली माती त्याच खड्ड्यात परत भरायची आणि मोर्चा सरकवायचा. सरकवणं शक्यच नसेल तर खणण्याऐवजी वर बांधायचं. जमिनीवर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं, त्यावर नदीतली स्वच्छ, खापरं नसलेली वाळू २०-३० सेंटिमीटर, आणि गाड्या जाणार असतील तर त्यावर भार पसरवणाऱ्या लोखंडी किंवा लाकडी फळ्या. निघताना सगळं उचलता येतं आणि खालची जमीन कळते. कापड न घालता वाळू टाकली तर वर्षभरात ती मातीत मिसळते आणि मेहनत वाया जाते. साखळीपट्ट्याची गाडी जागच्या जागी वळवायची नाही. सरळ जाताना जेवढं बिघडत नाही तेवढं त्या एका गिरकीत बिघडतं. हेलिकॉप्टर भिंतींपासून लांब उतरवायचं, कारण पंख्याचा वारा वाळू फेकून मातीच्या विटेला पॉलिश कागदासारखा घासतो आणि कंपनानं आधीच सैल झालेलं छत उतरतं. बॅबिलॉनच्या निनमाख देवळाचं छत पडलं तेव्हा तिथल्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी बोट हेलिकॉप्टरांकडेच दाखवलं होतं.

वास्तू वाचवण्यासाठी पोती लावायची असतील तर ती भिंतीला टेकवायची नाहीत. हातभर मोकळी जागा ठेवून स्वतंत्र रचायची, आतून हवा खेळली पाहिजे. ऑगस्ट १९४३ मध्ये मिलानमध्ये बॉम्ब पडून लिओनार्दोच्या ‘अखेरचं भोजन’ची खोली उद्ध्वस्त झाली, पण चित्राची भिंत पोती आणि फळ्यांच्या आधारानं उभी राहिली. तशी पोती युद्ध संपताच काढावी लागतात. ओली वाळू भिंतीशी महिनोन्‌महिने राहिली तर बॉम्बनं सोडलेलं काम तीच पुरं करते.

आणि उंच वास्तूवर चढून पहारा द्यायचा नाही. समाराचा चक्राकार चढत जाणारा मलविया मिनार नवव्या शतकातला, ५२ मीटर उंच. त्याच्या टोकावर अमेरिकन नेमबाज बसायचे. ते गेल्यावर थोड्याच दिवसांत, १ एप्रिल २००५ रोजी, बंडखोरांनी स्फोट करून टोक उडवलं. वास्तूचा लष्करी वापर एकदा झाला की समोरच्याच्या लेखी ती लष्करी वास्तू होते. युद्धात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या १९५४ च्या हेग कराराचं मूळ सूत्र हेच आहे: वापरू नका, म्हणजे तीवर मारा होणार नाही. भारत त्या करारात १९५८ पासून आहे.

श्रद्धेनं वारसा वाचतो असं आपण सहज म्हणतो. मोसुलजवळच्या दैर मार एलियाची हकिकत ऐकली की इतकं सहज म्हणवत नाही. सहाव्या शतकाच्या अखेरचा हा ख्रिस्ती मठ. १७४३ मध्ये नादिरशहाच्या फौजेनं इथले साधू मारले. २००३ मध्ये जागा अमेरिकन फौजेच्या हाती आली. जवानांनी भिंतींवर रंग दिला, जुनी भित्तिचित्रं त्याखाली गेली, आणि आपल्या डिव्हिजनचं गरुडाचं चिन्ह रंगवलं. त्यात दुष्टावा नव्हता. राहायची जागा स्वच्छ करावी, आपली ओळख लावावी, एवढीच फौजी सवय. पुढे फौजेच्याच एका पाद्र्याच्या लक्षात आलं की ही जागा कोणती आहे. त्यानं मुक्काम हलवायला लावला, राखण सुरू झाली, आणि नंतर पाद्रीच जवानांना तिथे फिरवून आणू लागले, प्रार्थनाही झाल्या. श्रद्धेला माहितीची जोड मिळाली तेव्हा मठ वाचला. पण २०१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इसिसनं तो पाडून दगडांचा चुरा केला. तो नष्ट झाल्याचं जगाला जानेवारी २०१६ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून कळलं. त्याआधी ज्या ज्या जवानानं, अभ्यासकानं तिथे फोटो काढले, मापं घेतली, तेवढाच तो मठ आता शिल्लक आहे.

रंग देण्याची ती खोड आपल्याला अनोळखी नाही. गावोगावच्या काळ्या दगडाच्या देवळांना आपण भक्तीनंच ऑइलपेंट फासतो. वेशीवरच्या वीरगळीला शेंदूर लावून लावून खालची लढाई, मधल्या अप्सरा, वरची शिवपूजा सगळं बुजवून टाकतो. सैनिकाच्या स्मारकाची ही आपली सगळ्यांत जुनी पद्धत, आणि आपणच ती वाचता येईनाशी केली.

उरच्या झिगुरातचंही, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या विटांच्या मंदिर-मनोऱ्याचंही, सांगतो, कारण तिथे श्रद्धेची वेगळी अडचण येते. नासिरियाजवळचं हे चंद्रदेव नन्नाचं मंदिर राजा उर-नम्मूनं चार हजार वर्षांपूर्वी उभारायला घेतलं. पाया साधारण ६४ बाय ४६ मीटर, आत कच्च्या विटांचा गाभा, बाहेरून डांबरात बसवलेल्या भाजक्या विटांचं अडीच मीटर जाड कवच. कवचाला ठरावीक अंतरावर भोकं ठेवलीत, गाभ्यातली ओल बाहेर पडावी म्हणून. ती भोकं चिखलानं, कचऱ्यानं बुजली तर गाभा फुगून कवच फाटेल. १९९१ च्या युद्धात सद्दामनं लढाऊ विमानं याच्या शेजारी आणून उभी केली आणि झिगुरातच्या भिंतींना शेकडो भोकं पडली. २००३ नंतर ही जागा विमानतळाच्या कुंपणाच्या आत गेली आणि मे २००९ मध्ये इराकींना परत मिळाली. मधल्या काळात हजारो जवान इथे आले, कारण हे अब्राहमचं गाव मानतात. त्यांना दाखवलं जातं ते ‘अब्राहमचं घर’ मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या पायांवर नव्या विटांनी उभारलेलं आहे. हे जवानाला सांगावं की नाही? माझ्या मते सांगावंच. त्याची प्रार्थना त्यानं अडत नाही, आणि पवित्र जागेची आठवण म्हणून खिशात खडा टाकायचा हात तरी थांबतो. हजारो माणसांनी एकेक खडा नेला तर भिंत राहत नाही.

शिकवायचं कसं, याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. दुसऱ्या महायुद्धात मॉर्टिमर व्हीलर तोफखान्यात अधिकारी होते. १९४३ मध्ये लिबियात लेप्टिस माग्ना या रोमन शहरात विमानदलाची माणसं रडार केंद्र बसवायच्या बेतात होती. व्हीलरनी ते थांबवलं, पाट्या लावल्या, जवानांना जागेची माहिती द्यायची सोय लावली. हेच व्हीलर पुढच्याच वर्षी भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. दुसरं उदाहरण २००७ चं. फोर्ट ड्रम तळावरच्या पुरातत्त्वज्ञ लॉरी रश यांच्या पुढाकारानं इराक-अफगाणिस्तानात जाणाऱ्या अमेरिकन जवानांसाठी पत्त्यांचे कॅट छापले. प्रत्येक पानावर एक वास्तू किंवा एक सूचना. किलवर सत्तीवर ताक-ए-किसराचं चित्र होतं आणि खाली विचारलं होतं की ही सतरा शतकं टिकली, तुमच्यातून टिकेल का. जवान रिकाम्या वेळी पत्ते खेळतोच, मग सूचना तिथेच ठेवली.

आपल्या सेनेत तर यासाठी माणूस आधीच आहे. पलटणीत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मगुरू ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर असतात. मंदिर परेडला सगळी पलटण त्यांच्यासमोर बसते. दैर मार एलियात जे काम एका पाद्र्यानं केलं ते या माणसाकडे नेमून देता येईल. नव्या जागी गेल्यावर आसपासची पूजास्थानं, कबरी, जुने ढिगारे कुठे आहेत याची यादी त्यानं गावकऱ्यांशी बोलून करायची, नकाशावर खूण करायची, आणि खोदकाम ठरण्याआधी ती यादी कंपनी कमांडरच्या टेबलावर पाहिजे. खोदल्यानंतर तिचा उपयोग नाही.

मेसोपोटेमियात पडलेल्या शिपायांची आठवण बसऱ्याच्या स्मारकावर आहे, ४० हजारांहून अधिक जणांची. सद्दामच्या हुकमानं १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून सुमारे ३२ किलोमीटर दूर, नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरलीत, आणि भारतीय साध्या शिपायांच्या पलटणीखाली फक्त आकडा. आपल्याकडच्या गावांतल्या पाट्यांचंही तसंच. सातारा, रत्नागिरी भागात चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी सापडते: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नाही.

तुमच्या गावात अशी पाटी असेल तर ती उजळायला ऑइलपेंट लावू नका, तारेचा ब्रश नको आणि ॲसिड तर मुळीच नको. संगमरवरावर ॲसिड पडताच तो फसफसतो आणि अक्षराच्या कडा जातात. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. दगड पापुद्र्यासारखा सुटत नसेल तरच साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घ्या, खालून वर भिजवत जा म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत, आणि शेवटी भरपूर पाण्यानं धुवा. पाटीभोवती नवं सिमेंट असेल तर ते क्षार आत ढकलतं, त्याजागी चुना भरा. अक्षरं वाचता येत नसतील तर रात्री बॅटरी अगदी बाजूनं, भिंतीला समांतर धरून फोटो काढा, सावलीत अक्षर उठतं. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीचा क्रमांक आणि ‘बसरा मेमोरियल’ टाकून शोधा. तिथे नोंदी आहेत, आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेली नावं आहेत, म्हणून एकाच गावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघावी लागतात, आणि आडनावाऐवजी शिपायाचं आणि वडिलांचं नाव टाकलं तर लवकर सापडतं.